कुंपणाच्या अलीकडून: मोटरस्पोर्टसाठी टेलिफोटो लेन्स कशी निवडावी

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, मद्रासच्या रेस ट्रॅकवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बॅगेत ७०-३०० ची झूम लेन्स होती (हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंथचे; आकडा मोठा, तेवढी दूरची गाडी फोटोत मोठी). संध्याकाळी हॉटेलवर फोटो पाहिले, तर प्रत्येक फोटोत भरपूर आकाश, भरपूर डांबर आणि मधे काडेपेटीएवढी गाडी. पुढच्या खेपेला मित्राची १५०-६०० उसनी नेली आणि नेमका एका वळणाशी, ट्रॅकपासून पंधरा मीटरवर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशीची कमाई म्हणजे एक हेल्मेट, बरीचशी अर्धी दारं आणि एक अप्रतिम फोकस झालेलं मागचं चाक.

दोन्ही लेन्स चांगल्या होत्या. चूक एवढीच, की दोन्ही वेळा मी आधी लेन्स ठरवली आणि मग उभं राहायची जागा शोधली. हा क्रम उलटा करायचा असतो. दुकानातला माणूस विचारतो, "बजेट किती?" त्याआधी आपण स्वतःला विचारायचं, "मी उभा कुठे राहणार?" पुढचं सगळं याच प्रश्नावरून ठरत जातं.

हा लेख प्रेक्षकांच्या जागेवरून फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना मीडियाचं जॅकेट मिळतं आणि कुंपणाच्या पलीकडे जाता येतं, त्यांचं गणित वेगळं असतं.

पायरी १: जागा आणि अंतर

ट्रॅक-ट्रॅकमध्ये किती फरक असतो पाहा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट फॉर्म्युला वनच्या मापाने बांधलेलं आहे, लांबी ५.१ किलोमीटर. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे इंडियन ग्रांप्री झाली, तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या, आणि २०२३ मध्ये मोटोजीपीही झाली. अशा सर्किटवर वळणाबाहेर गाडी घसरली तर थांबायला जागा हवी म्हणून भलामोठा मोकळा पट्टा सोडलेला असतो. रायडरसाठी ते जीवदान, पण आपल्यासाठी प्रत्येक मीटर म्हणजे वाढीव फोकल लेंथ. कोइंबतूरचा करी स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा, तिथे सगळंच आटोपशीर. मद्रासचा ट्रॅक, सुमारे ३.७ किलोमीटर, या दोन्हींच्या मधला.

शहरी रस्त्यांवरची रेस आणखी निराळी. चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवती २०२४ मध्ये ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला रात्रीची स्ट्रीट रेस झाली. अशा ठिकाणी गाडी जवळून जाते, पण मधे काँक्रीटची भिंत, वर जाळी आणि उजेड दिव्यांचा. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. स्टेडियममधल्या सुपरक्रॉसला बाइक गॅलरीसमोर उडी मारतात, तिथे सहाशेची लेन्स घेऊन बसलेला माणूस सतत मागे सरकायला जागा शोधत असतो. मैदानावरची ऑटोक्रॉस किंवा डर्ट ट्रॅकही साधारण असंच, वर धूळ फुकट.

तर तुम्ही वर्षातून ज्या दोन-तीन ठिकाणी खरोखर जाता, तेवढीच कागदावर लिहा. मग गूगल मॅपचा सॅटेलाइट व्ह्यू उघडा, प्रेक्षक स्टँडवर बोट दाबून धरा आणि अंतर मोजायची सोय वापरून तिथून ट्रॅकच्या मध्यापर्यंतचे मीटर काढा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं तर ते मागचं चाक माझ्या संग्रहात नसतं.

पायरी २: शाळेतलं त्रैराशिक

सूत्र सोपं आहे. अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपच्या, मिलिमीटरमधल्या रुंदीने गुणा आणि फ्रेमची जेवढी रुंदी हवी तेवढ्या मीटरने भागा. येईल ती फोकल लेंथ, मिलिमीटरमध्ये. फुलफ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची साधारण २३.५, कॅननच्या क्रॉपची थोडी कमी, २२.३. हिशेबाला २४ धरा.

आता फ्रेमची रुंदी. पोलोसारखी हॅचबॅक चार मीटर लांब. ती बाजूने घेताना फ्रेमचा दोन-तृतीयांश भाग व्यापावी असं वाटत असेल, तर फ्रेम सहा मीटर रुंद हवी. म्हणजे पन्नास मीटरवर फुलफ्रेमला ३०० मिमी आणि क्रॉपला २०० मिमी. शंभर मीटरवर ६०० आणि ४००.

मोटरसायकल दोन मीटरची. तशीच फ्रेम भरायची तर रुंदी तीन मीटर, म्हणून पन्नास मीटरवरच फुलफ्रेमला ६०० आणि क्रॉपला ४०० लागतात. बाइकला गाडीच्या दुप्पट लेन्स लागते, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. कारच्या रेसला गेलेला मित्र म्हणतो "तीनशे बास झाली" आणि बाइक रेसचा मित्र म्हणतो "चारशेही कमी पडते". दोघंही खरंच बोलत असतात.

फॉर्म्युला वनची गाडी साडेपाच मीटरची. तिच्यासाठी आठ मीटरची फ्रेम धरा. शंभर मीटरवर फुलफ्रेमला ४५०, क्रॉपला ३००.

आता समोरून येणारी गाडी. हिची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे लेन्सच्या दृष्टीने ती मोटरसायकलच झाली. वळणातून बाहेर पडून आपल्याकडे झेपावणारी गाडी हा रेसचा सर्वांत जोरकस फोटो असतो, आणि तो नेमका दूरवरून घ्यावा लागतो. म्हणून बाजूच्या फोटोंचं गणित करून लेन्स घेतलेल्यांना वर्षभरात हात आखूड वाटायला लागतो.

उलट बाजूही तपासा. जवळात जवळची जागा किती मीटरवर आहे? माझी पंधरा मीटरची चूक याच सूत्रात घाला: क्रॉप सेन्सर, १५० मिमी, पंधरा मीटर. फ्रेमची रुंदी २.४ मीटर. चार मीटरची गाडी त्यात मावणार कशी? झूम लेन्सचा लहान आकडा मोठ्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो, आणि जाहिरातीत तो कधीच ठळक छापत नाहीत.

ज्यांच्याकडे ४५ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा आहे त्यांना आणखी एक मोकळीक आहे. क्रॉप मोड, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायची सोय, लावला तरी साधारण १९ मेगापिक्सेल उरतात, ए-थ्री प्रिंटला ते भरपूर झाले. मग ४०० ची लेन्स ६०० चं काम करते. चोवीस मेगापिक्सेलवाल्यांनी मात्र यावर फार विसंबू नये, दहाच उरतात.

पायरी ३: ॲपर्चरचा मोह

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा लहान, तेवढं छिद्र मोठं. सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. "स्पोर्ट्स म्हणजे एफ २.८" हे वाक्य इनडोअर बॅडमिंटन किंवा रात्रीच्या कबड्डीला खरं आहे. दुपारी बाराच्या चेन्नईत नाही.

पॅनिंगचा विचार करा. गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घ्यायचा, गाडी स्पष्ट आणि मागचं जग ओढलेलं. वेग दिसायचा तर चाकं फिरताना दिसली पाहिजेत. रेसच्या टायरचा घेर ढोबळमानाने दोन मीटर. वळणात ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेग असेल तर चाक सेकंदाला साडेबारा फेरे घेतं. १/१००० सेकंदाच्या शटरला ते जेमतेम साडेचार अंश फिरतं आणि फोटोतली गाडी पार्किंगमध्ये लावल्यासारखी दिसते. १/१२५ ला ३६ अंश फिरतं, आरे विरघळतात, गाडी पळते. १/६० ला ७५ अंश, तिथे फोटो बहारदार येतो, पण आला तर.

आता उजेडाचं जुनं सूत्र आठवा: लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला १/१०० शटर आणि एफ १६. म्हणजे १/१२५ ला पॅनिंग करताना तुम्ही एफ १४ वर असता. त्या क्षणी एफ २.८ ची लेन्स आणि एफ ६.३ ची लेन्स यांत उजेडाच्या दृष्टीने काडीचा फरक उरत नाही. फरक एवढाच, की पहिली गळ्यात जड आणि खिसा हलका करणारी. शटर १/१००० केलं तरी उन्हात एफ ५ च्या आसपास आयएसओ १०० च राहतो. ढगाळ दिवशी आयएसओ हजारापर्यंत जाईल, आणि आजचा कुठलाही कॅमेरा तो सहज पेलतो.

मग मोठं ॲपर्चर कुणाला हवं? रात्रीच्या रेसवाल्यांना. एफ ६.३ च्या तुलनेत एफ २.८ मधून पाचपट उजेड येतो. जिथे एफ २.८ ला आयएसओ २५०० पुरतो तिथे एफ ६.३ ला १२,५०० लागतो. दिव्यांखालच्या सुपरक्रॉसला किंवा चेन्नईसारख्या स्ट्रीट रेसला अंतर कमी आणि उजेड कमी, म्हणून तिथे ७०-२०० एफ २.८ हीच खरी लेन्स. वर्षात एकदाच अशी रेस पाहणार असाल तर ती भाड्याने घ्या.

आणि दुसरं कारण जाळी. तिला स्वतंत्र पायरी द्यावी लागेल.

पायरी ४: जाळी

प्रेक्षकांच्या भागात बहुतेक ठिकाणी तारेची उंच जाळी असते. नवीन माणूस जाळीपासून तीन मीटर मागे उभा राहतो आणि प्रत्येक फोटोत चौकड्या घेऊन घरी जातो.

जाळी नाहीशी होते ती तिच्या तारेची जाडी आणि लेन्सच्या आतल्या उघड्या छिद्राचा व्यास यांच्या गुणोत्तरामुळे. छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ नंबर. ४०० मिमी एफ ५.६ ला तो ७१ मिमी. २०० मिमी एफ २.८ लाही ७१ मिमी. सहाशे एफ ६.३ ला ९५. तीन-चार मिमीची तार एवढ्या मोठ्या खिडकीसमोर, काचेला जवळजवळ टेकून असेल तर ती उजेडाचा छोटा हिस्सा अडवते आणि इतकी आउट ऑफ फोकस जाते की दिसतच नाही. म्हणून जाळीला भिडून उभं राहायचं आणि सरळ समोर पाहायचं. तिरकं पाहिलं की वाटेत जास्त तारा येतात. हूड (लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी कडी) काढून टाका, म्हणजे काच आणखी जवळ जाईल, आणि जाळी हलून काचेवर आपटू नये म्हणून मधे बोट ठेवा.

पण पॅनिंगला आपण एफ १४ वर गेलो होतो, आठवतं? ४०० भागिले १४ म्हणजे जेमतेम २८ मिमी. खिडकी आखडली आणि जाळी धुकट पडद्यासारखी परत आली. यावर उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळसर काच. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तीन स्टॉपचा एनडी लावला की त्याच शटरला एफ ५ च्या आसपास राहता येतं. म्हणून लेन्स निवडताना तिचा फिल्टर व्यास जरूर पाहा. निकॉनची २००-५००, सोनीची २००-६००, निकॉनची झेड १८०-६०० या तिन्ही ९५ मिमीच्या, आणि ९५ मिमीचा चांगला फिल्टर स्वस्त नसतो. ७७ मिमीच्या लेन्सला हाच खर्च बराच कमी येतो. फिल्टर ठेवायचाच तर पोलरायझर हा दुहेरी फायद्याचा, दीड-दोन स्टॉप उजेड कमी करतो आणि गाडीच्या काचेवरची चमकही मारतो.

उन्हात चमकणारी गॅल्व्हनाइज्ड जाळी सर्वांत त्रासदायक. सावलीत असलेला जाळीचा तुकडा शोधा. सकाळी आणि दुपारी तो वेगवेगळ्या जागी असतो, म्हणून एक फेरी मारून ठेवावी.

जाळीचा आणखी एक उपद्रव म्हणजे ऑटोफोकस तिच्यावरच जाऊन बसतो. यासाठी लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण हवं. सोनीच्या २००-६०० ला दहा मीटरपासून अनंतापर्यंत अशी मर्यादा घालता येते, सिग्माच्या १५०-६०० लाही. लिमिटर नसलेली लेन्स जाळीआडून वापरून पाहा, मग या छोट्या बटणाची किंमत कळते.

पायरी ५: हातात धरून कळणाऱ्या गोष्टी

एमटीएफचे (लेन्स किती स्पष्ट चित्र देते ते दाखवणारे) आलेख वाचून या गोष्टी समजत नाहीत.

फोकस मोटर. ताशी १८० ने समोरून येणारी गाडी सेकंदाला पन्नास मीटर कापते. तुमचा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो घेत असेल तर दोन फोटोंमध्ये गाडी पाच मीटर पुढे आलेली असते. लेन्सने तेवढ्यात फोकस सरकवायला हवा. स्वस्त ७०-३०० लेन्स शंभर मीटरवर ठीक चालतात, पण गाडी तीस मीटरच्या आत आली की दमतात. दुकानाबाहेर उभं राहून येणाऱ्या बसवर वीस फोटोंचा बर्स्ट मारा. एवढी चाचणी बरंच काही सांगते.

झूम रिंग. निकॉनची २००-५०० ही गुणी लेन्स आहे, पण तिची रिंग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायला हात दोनदा बदलावा लागतो. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० थोड्याशा वळणात पूर्ण झूम होतात, शिवाय झूम आतल्या आत होतो. त्याने तोल ढळत नाही, आणि नळी आतबाहेर होताना धूळ ओढली जात नाही. डर्ट ट्रॅकवर जाणाऱ्यांनी हा मुद्दा वर घ्यावा.

वजन. दुकानात दोन किलो काहीच वाटत नाहीत. सकाळी आठ ते दुपारी चार, ऊन, गर्दी आणि दर दीड-दोन मिनिटांनी उचलून फिरवायचं, मग तेच दोन किलो बोलायला लागतात. थकलेल्या हाताचं पॅनिंग वरखाली डुलतं. कॅननची आरएफ १००-४०० अवघी ६३५ ग्रॅमची, निकॉनची ३०० मिमी एफ ४ पीएफ ७५५ ग्रॅमची. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम, तिचीच स्पोर्ट्स आवृत्ती २८६० ग्रॅम. दीड किलोच्या वर गेलात की मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लागणारच असं धरून चाला. ट्रायपॉड घरी ठेवा, गर्दीत तो लोकांच्या पायांत येतो आणि बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. तिकिटाच्या अटी आधी वाचा, काही स्पर्धांना लेन्सच्या आकारावरही बंधन असतं.

स्टॅबिलायझेशन. हाताचा कंप सावरणारी सोय. बहुतेक ब्रँडमध्ये 'मोड २' हा पॅनिंगसाठी, म्हणजे आडवी हालचाल तशीच राहू देऊन फक्त उभा डुगडुग थांबवणारा. निकॉनमध्ये 'स्पोर्ट'. साधा मोड चालू ठेवून पॅनिंग केलं तर काही लेन्स तुमच्याच हालचालीशी भांडतात. १/५०० च्या वरच्या शटरला ते बंद असलं तरी फारसं बिघडत नाही. म्हणूनच कॅननची जुनी ईएफ ४०० मिमी एफ ५.६, १९९३ ची, स्टॅबिलायझेशन नसूनही रेसला आजही चालते.

पायरी ६: आता नावं घेऊ

तुमच्याकडे आधीच ५५-२५० किंवा ७०-३०० असेल आणि कॅमेरा क्रॉप असेल, तर एक अख्खी रेस तिच्यावरच काढा. पन्नास मीटरवरच्या कारला ती पुरते, हे आपण वर मोजलं. एक सावधगिरी: निकॉनच्या एएफ-पी प्रकारातल्या ७०-३०० डी ९०, डी ३१००, डी ५१००, डी ७००० अशा जुन्या बॉड्यांवर (म्हणजे कॅमेऱ्यांवर) ऑटोफोकस करत नाहीत. सेकंडहँड घेताना अनेक जण इथे फसतात.

क्रॉप कॅमेऱ्यावर एकच लेन्स घ्यायची असेल तर मी डोळे मिटून १००-४०० च्या वर्गात जाईन. सिग्माची १००-४०० कंटेम्पररी, ११६० ग्रॅम. कॅनन मिररलेसवर (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे; आरसा असलेले ते डीएसएलआर) आरएफ १००-४००, जिचं ॲपर्चर एफ ५.६-८ वाचून लोक नाक मुरडतात, पण उन्हातल्या रेसला ते आड येत नाही हे तिसऱ्या पायरीत पाहिलंच. ढग आले की मात्र तिचे दिवस फिरतात. जुन्या कॅनन डीएसएलआरवाल्यांना ईएफ १००-४०० ची दुसरी आवृत्ती, २०१४ ची, सेकंडहँड मिळाली तर सोडू नये. ॲडॉप्टर लावून ती नव्या आर मालिकेवरही उत्तम चालते. सोनी क्रॉपला ७०-३५० जी, ६२५ ग्रॅम, फार शहाणी लेन्स आहे.

फुलफ्रेम आणि दूरचे स्टँड, किंवा मुख्यतः बाइक रेस, असं असेल तर सहाशेचा वर्ग. सोनीला २००-६००, निकॉन झेडला १८०-६००, निकॉन डीएसएलआरला २००-५००, आणि कॅनन-निकॉन डीएसएलआरना सिग्मा किंवा टॅमरॉन जी २ ची १५०-६००. टॅमरॉनची १५०-५०० सोनीवर सुटसुटीत आहे, पण दोन अटी समजून घ्या: सोनी माउंटवर दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्सना टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधे बसणारं, फोकल लेंथ वाढवणारं भिंग) लावता येत नाही, आणि सोनीच्या सर्वांत वेगवान बॉड्यांवर त्यांना सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे. हौशी माणसाला पंधरा भरपूर झाले, पण माहीत असलेलं बरं.

कॅननची आरएफ १००-५०० ही या सगळ्यांत रेसला सर्वांत सोयीची, असं माझं मत. शंभरपासून सुरू होते, पाचशेपर्यंत जाते, वजन १३७० ग्रॅम. किंमत मात्र जपून विचारा. तिला टेलिकन्व्हर्टर लावला तर झूम ३०० च्या खाली येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

टेलिकन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. १.४ पटीचा एक स्टॉप खातो, दोन पटीचा दोन. ७०-२०० एफ २.८ वर १.४ पटीचा लावून ९८-२८० एफ ४ मिळते, हा सौदा चांगला. एफ ६.३ च्या झूमवर तो लावला तर एफ ९ होतं आणि बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ ८ च्या पुढे हातच टेकतो. मिररलेसवर चालतं, पण मग फोकसचा वेग मंदावतो.

४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ वगैरे, नव्या घेतल्या तर दहा लाखांच्या पुढच्या. हा लेख वाचून कुणी त्या घेणार नाही, म्हणून पुढे जाऊ.

पायरी ७: भाडं, जुनी लेन्स, दमट हवा

आधी भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारसाठी लेन्स मिळते, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. घेताना काचेचे आणि माउंटचे फोटो दुकानदारासमोरच काढून ठेवा. मी एकदा नाही काढले, आणि आधीचाच ओरखडा माझ्या नावावर लागला.

सेकंडहँड लेन्स पाहताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून टाकून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, हात जोडून परत द्या. मुंबई, कोकण, गोवा इथल्या लेन्सला चार पावसाळे कपाटात काढल्यावर ती हमखास भेटते. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको. लेन्स खाली तोंड करून धरा, झूमची नळी आपोआप घसरते का पाहा. विटांच्या भिंतीचा सरळ समोरून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा, एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच हललेली आहे. सगळं करताना आपलीच बॉडी लावा. सिग्मा-टॅमरॉनच्या जुन्या लेन्स नव्या बॉडीवर कधी रुसतात, फर्मवेअर अद्ययावत आहे का तेही विचारा. निकॉन झेडवाल्यांनी ध्यानात ठेवावं, की स्क्रू ड्राइव्हच्या (कॅमेऱ्यातल्या मोटरवर फोकस होणाऱ्या) जुन्या एएफ-डी लेन्स एफटीझेड ॲडॉप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत.

बिलाशिवायची 'इंपोर्टेड' लेन्स स्वस्त पडते, पण तिला इथली वॉरंटी नसते. मोटर गेली की वाचवलेले पैसे परत जातात.

घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल, परवडत असेल तर ४०-५० टक्के आर्द्रतेचं ड्राय कॅबिनेट.

पायरी ८: पहिल्या रेसच्या आधी

एक गोष्ट कुठलीच लेन्स सोडवत नाही. तापलेल्या डांबरावरची थरथरणारी हवा. दीडशे मीटरवरची गाडी दुपारी एक वाजता लाखमोलाच्या लेन्सनेही लाटांमधून पाहिल्यासारखी येते, आणि माणूस लेन्सला दोष देत सर्व्हिस सेंटरला जातो. लांबचे समोरून घ्यायचे फोटो सकाळी उरकावेत. भर दुपारी जवळच्या वळणावर यावं आणि पॅनिंग करावं.

जवळ आल्याने वेगाचा भास काही कमी होत नाही. गाडी फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवली, तर जवळून लहान लेन्सने घेतलेल्या पॅनिंगमध्ये गाडीच्या मागची भिंत आणि जाहिरातफलक तेवढेच ओढले जातात. पन्नास मीटरवरून ३०० ने आणि शंभर मीटरवरून ६०० ने तोच फोटो घेऊन पाहा. शटर तेच असेल तर पहिल्यात वेग कमी दिसणार नाही. म्हणजे मोठी लेन्स परवडत नाही हे दर वेळी दुःखाचं कारण नसतं.

सरावाला ट्रॅक लागत नाही. ताशी ४० ने जाणारी स्कूटर दहा मीटरवरून पाहताना कॅमेरा जितक्या वेगाने फिरवावा लागतो, तो ताशी १८० ची रेस कार साठ मीटरवरून टिपण्यापेक्षा जास्त असतो. गणित करून पाहा, सेकंदाला अकरा मीटर भागिले दहा, आणि पन्नास भागिले साठ. तेव्हा रस्त्याकडेला, रहदारीपासून सुरक्षित जागी उभे राहा. पाय आपण जिथे फोटो घेणार त्या दिशेला रोवा, कंबर मागे वळवून स्कूटर पकडा आणि कंबर उलगडत तिच्याबरोबर या. बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. १/२५० पासून सुरू करा, दहातले पाच स्पष्ट यायला लागले की १/१२५, मग १/६०.

पुण्यात या सरावाला एकच अडचण येते. रस्त्याच्या कडेला लांब पांढरी लेन्स रोखून उभा असलेला माणूस पाहिला की लोकांना वाटतं वाहतूक पोलीस चलान फाडतायत. अर्धे स्कूटरवाले वेग वीसवर आणतात, आणि हेल्मेट नसलेले सरळ वळून उलटे जातात. काळ्या रंगाची लेन्स घ्या, किंवा झाडाआड उभे राहा.